डेस्कटॉप व लॅपटॉप : दोन प्रोसेसरांच्या चढाओढीची हकीकत

मोठ्या कुटुंबांत थोरल्या भावाचे सदरे आंखूड झाले कीं ते धाकट्याच्या अंगावर चढतात, आणि नव्या कापडाचा वास धाकट्याच्या वांट्यास क्वचितच येतो. संगणकांच्या घराण्यांतही पुष्कळ वर्षें हाच शिरस्ता होता. मेजावर ठेवावयाचा संगणक, म्हणजे डेस्कटॉप, हा थोरला; मांडीवर घेऊन काम करावयाचा लॅपटॉप हा धाकटा. नवा प्रोसेसर, म्हणजे संगणकांत सारें गणित करणारी चिप, आधीं थोरल्याच्या पेटींत बसे. कांहीं काळानें त्याचीच वेगांत कांटछाट केलेली आवृत्ति धाकट्याला मिळे. लॅपटॉप तो मंदच असावयाचा, ही समजूत त्यांतूनच लोकांच्या मनांत रुजली, व ती आजही पुष्कळ घरीं आढळते. परंतु २००३ पासून २००६ पर्यंतच्या अवघ्या तीन-साडेतीन वर्षांत या घराण्यांत मोठी उलटापालट झाली. धाकट्याच्या मापानें शिवलेला सदरा थोरल्याला घालावा लागला, आणि तो त्याला पूर्वींच्या सदऱ्यापेक्षां चांगला बसला. ही उलटापालट कां झाली हें ज्यास कळलें, त्यास दुकानांत उभें राहून दोन संगणकांची तुलना करणें पुष्कळ सोपें जातें.

आरंभींच्या दिवसांत दोघांच्या प्रोसेसरांत फारसें अंतर नव्हतें. १९८१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत ऑस्बोर्न १ नांवाचा 'नेण्याजोगा' संगणक विक्रीस आला. आकार शिवणयंत्राच्या पेटीएवढा, वजन सुमारें ११ किलोग्रॅम, पडदा ५ इंचांचा, आणि आंत बॅटरी मुळींच नाहीं. जेथें न्यावा तेथें आधीं विजेचें बटण शोधावें लागे. मेजावरच्या यंत्रांत असे तोच झायलॉग कंपनीचा झेड-८० प्रोसेसर त्यांतही होता. त्याच वर्षीं ऑगस्टांत आय. बी. एम. चा सुप्रसिद्ध संगणक आला. त्यांतील इंटेल ८०८८ प्रोसेसराचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास सुमारें ४८ लक्ष ठोके. १९८५ सालीं तोशिबा कंपनीनें टी-११०० हा बॅटरीवर चालणारा, सुमारें ४ किलो वजनाचा खराखुरा लॅपटॉप काढला. त्याचा प्रोसेसर ८०८८ चीच कमी वीज घेणारी आवृत्ति असून ठोक्यांचा वेगही तितकाच होता. पण एवढ्यांत डेस्कटॉप पुढच्या पिढीच्या ८०२८६ वर जाऊन पोंचला होता! थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर येण्याची प्रथा ती हीच. केवळ नेण्याजोग्या संगणकांसाठीं मुद्दाम रचलेला ३८६ एस. एल. हा इंटेलचा प्रोसेसर १९९० सालीं निघाला. काम नसेल तेव्हां यंत्राचे भाग निजविण्याची सोय त्यांत प्रथम नीट करण्यांत आली.

धाकट्याची खरी अडचण दोन ठिकाणीं होती. बॅटरींत सांठविलेली वीज थोडी, आणि अंगांतील उष्णता बाहेर टाकण्यास जागा त्याहून थोडी. प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळ जवळ सर्वच्या सर्व शेवटीं उष्णतेचें रूप घेते. ४० वॅटच्या जुन्या कांचेच्या दिव्यास चुकून हात लागला तर चटका कसा बसतो हें सर्वांस ठाऊक आहे. तितकीच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडत आहे अशी कल्पना करावी. डेस्कटॉपच्या पेटींत मोठा धातूचा ठोकळा व त्यावर पंखा बसवितां येतो. लॅपटॉपच्या बोटभर जाडीच्या कवचांत तो कोठें बसवावा?

विजेचा हा खर्च कसा वाढतो याचा नियम साधा आहे. प्रोसेसरांतील ट्रान्झिस्टर सारखे चालू-बंद होत असतात. त्यांस लागणारी शक्ति ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणांत वाढते, आणि विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आतां वेग वाढवावयाचा तर बहुधा दाबही वाढवावा लागतो, आणि वेग थोडा वाढतांच खर्च भरमसाट वाढतो. उलट बाजूनें पाहिलें तर हाच नियम काटकसरी माणसाच्या मोठ्या उपयोगाचा आहे. २००० च्या जानेवारींत इंटेलनें लॅपटॉपसाठीं जो पेंटियम ३ काढला, तो भिंतीच्या विजेवर ६५० मेगाहर्ट्झ वेगानें व १.६ व्होल्ट दाबानें चाले. बॅटरीवर येतांच तो आपण होऊन ५०० मेगाहर्ट्झ व १.३५ व्होल्टवर उतरे. शाळेंतील मुलानें पाटीवर करावें असें हें गणित आहे : वेग शेंकडा २३ नीं घटला, पण विजेचा खर्च शेंकडा ४५ नीं घटला. त्याच महिन्यांत ट्रान्समेटा नांवाच्या एका नवख्या कंपनीनें क्रूसो हा प्रोसेसर पुढें आणला. थोडें खाणें हेंच त्याचें ब्रीद. ती कंपनी पुढें टिकली नाहीं, पण तिच्यामुळें मोठ्यांची झोंप मोडली एवढें श्रेय तिला दिलें पाहिजे.

थोरल्याच्या घरीं मात्र त्या दिवसांत निराळेंच वारें वाहत होतें. कोणाच्या प्रोसेसराचे ठोके जलद, एवढीच चढाओढ. २००० च्या मार्च महिन्याच्या ६ तारखेस ए. एम. डी. कंपनीनें १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास १ अब्ज ठोक्यांचा, ॲथलॉन जाहीर केला; ८ तारखेस इंटेलनें आपला १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर केला. त्या वर्षीं उन्हाळ्याअखेर इंटेलनें घाईघाईनें १.१३ गिगाहर्ट्झची आवृत्ति काढली, आणि ती नीट चालत नाहीं असें आढळतांच परत मागविण्याची पाळी तिच्यावर आली. तरीही शर्यत थांबली नाहीं. नोव्हेंबरांत पेंटियम ४ आला, आणि त्याची सारी रचनाच ठोक्यांचा आंकडा वाढविण्यासाठीं केलेली होती.

ती रचना समजण्यास विहिरीच्या कामाचें उदाहरण घ्यावें. तेथें माणसांची रांग लावून मातीचीं घमेलीं हातोहात वर पोंचवितात. रांगेंत माणसें दुप्पट केलीं तर प्रत्येकास निम्म्याच अंतरावर घमेलें सरकवावें लागतें, आणि म्हणून सरकविण्याचा ताल जलद होतो. पेंटियम ३ च्या रांगेंत सुमारें १० टप्पे होते. पेंटियम ४ मध्यें ते २० केले. ताल जलद झाला खरा. पण संगणकाचें काम मातीसारखें एकसुरी नसतें. 'अमुक असेल तर हें कर, नसेल तर तें कर' असे फांटे त्यांत पदोपदीं येतात. कोणता फांटा खरा ठरणार हें कळण्यापूर्वींच प्रोसेसर अंदाज बांधतो व रांग भरून ठेवतो. अंदाज चुकला कीं रांगेंतील सर्व घमेलीं ओतून टाकावयाचीं आणि पुन्हां तळापासून आरंभ करावयाचा. रांग जितकी लांब तितकें हें नुकसान मोठें. यामुळें आरंभींचा १.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ कांहीं चाचण्यांत १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्याही मागें पडला. गिऱ्हाइकास हें कोण सांगणार? पेटीवर १.४ हा आंकडा १ पेक्षां मोठा छापलेला होता, व तेवढें पुरत होतें. ए. एम. डी. ला अखेर २००१ च्या ऑक्टोबरांत आपल्या १.५३ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉनला १८००+ असें नांव द्यावें लागलें, कारण खऱ्या आंकड्यानें त्याची खरी योग्यता लोकांस पटेना. आंकड्यांच्या मोहापुढें सत्यासही टोपणनांव घेऊन फिरावें लागतें तें असें.

ठोक्यांची ही घोडदौड पुढें १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल असा इंटेलच्या धुरीणांचा भरंवसा होता. त्यांच्याच घरांतून इशारा मिळाला नव्हता असें नाहीं. २००१ च्या फेब्रुवारींत पॅट्रिक गेलसिंगर या इंटेलच्या तंत्रप्रमुखानें अभियंत्यांच्या एका परिषदेंत सांगितलें कीं, चाललें आहे तसेंच चालूं दिलें तर २००५ च्या सुमारास चिपच्या दर चौरस सेंटिमीटरांतून निघणारी उष्णता अणुभट्टीच्या, २०१० च्या सुमारास अग्निबाणाच्या तोंडाच्या, आणि २०१५ च्या सुमारास सूर्याच्या पृष्ठभागाच्या तोडीची होईल. सभेंत असे इशारे ऐकले जातात व मान्यही होतात. कारखान्याची दिशा त्यांनीं लगेच बदलते असें नाहीं.

दिशा बदलण्याचें काम झालें तें इस्रायल देशांतील हैफा या बंदराच्या शहरीं. इंटेलनें अमेरिकेबाहेर आपलें पहिलें चिप रचण्याचें केंद्र १९७४ सालीं तेथेंच उघडलें होतें, आणि आय. बी. एम. च्या पहिल्या संगणकांतील ८०८८ हा प्रोसेसर त्याच केंद्रांत जन्मास आला होता. २००० सालीं तेथील मंडळी टिम्ना नांवाच्या एका प्रोसेसरावर काम करीत होती. स्वस्त संगणकांसाठीं चित्रें काढणारा भाग व स्मृतीशीं बोलणारा भाग हे दोन्ही एकाच चिपवर आणावयाचे, अशी ती योजना होती. ती ज्या महाग जातीच्या स्मृतीवर आधारलेली होती ती बाजारांत रुजली नाहीं. साधी स्मृति जोडण्यासाठीं केलेला दुवा सदोष निघाला. आणि चिप तयार होत आली असतां सप्टेंबरांत कंपनीनें सारी योजनाच रद्द केली. कित्येक वर्षांचें काम कपाटांत गेलें. या मंडळींकडे मग केवळ लॅपटॉपसाठीं एक प्रोसेसर रचण्याचें काम आलें. त्या वेळीं लॅपटॉपचा खप डेस्कटॉपच्या मानानें पुष्कळ कमी होता, आणि कंपनीचें सारें लक्ष पेंटियम ४ कडे होतें. एका अर्थीं ही धाकट्या घरची चाकरीच होती.

हैफाच्या अभियंत्यांनीं पेंटियम ४ ची लांब रांग घेतली नाहीं. त्यांनीं मागें वळून पेंटियम ३ चीच आंखूड रांग पायाला घेतली, व प्रत्येक ठोक्यास अधिक काम कसें होईल आणि प्रत्येक कामास कमी वीज कशी लागेल, या दोनच गोष्टींचा पिच्छा पुरविला. फांट्यांचा अंदाज बांधणारा भाग त्यांनीं अधिक हुशार केला, म्हणजे घमेलीं ओतून टाकण्याचे प्रसंग कमी झाले. जोडीनें चालणाऱ्या दोन लहान आज्ञा एकाच घमेल्यांत घालून पाठविण्याची युक्ति केली. चिपवरील जवळची स्मृति १ मेगाबाइट, म्हणजे त्या काळच्या पेंटियम ४ च्या दुप्पट, ठेवली; पण तिचा जेवढा भाग त्या क्षणीं लागेल तेवढ्याच भागास पूर्ण वीज द्यावयाची, बाकीचा निजलेला. एखादी जाणती गृहिणी माणूस उठून गेल्याबरोबर खोलींतील दिवा मालवते, तोच प्रकार येथें सेकंदास कोट्यवधि वेळां चालतो. या प्रोसेसरास रचनेच्या काळांत बॅनियस या तिकडील एका स्थळाचें नांव होतें. ७ कोटी ७० लक्ष ट्रान्झिस्टरांचा हा प्रोसेसर २००३ च्या मार्चच्या १२ तारखेस पेंटियम एम या नांवानें बाजारांत आला.

तुलना येथें करावी. २.४ गिगाहर्ट्झचा लॅपटॉपसाठींचा पेंटियम ४ सुमारें ३५ वॅट उष्णतेच्या हिशेबानें बांधलेला, १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम २४.५ वॅटच्या. आणि लिहिणें, हिशेब, चित्रें इत्यादि नित्याच्या कामांत हा मंद ठोक्यांचा नवा प्रोसेसर त्या जलद ठोक्यांच्या प्रोसेसराची बरोबरी करी, कित्येक ठिकाणीं त्याच्यापुढेंही जाई. चलच्चित्रांचें रूपांतर करणें यांसारख्या एकसुरी कामांत मात्र पेंटियम ४ चा जोर टिकून होता, कारण तेथें फांटे थोडे व माती सारखीच.

विक्रेत्यांपुढें मात्र पेंच पडला. दोन वर्षें ज्यांनीं गिऱ्हाइकास 'आंकडा मोठा तो प्रोसेसर मोठा' असें शिकविलें, त्यांनींच आतां १.६ हा २.४ च्या बरोबरीचा आहे असें कोणत्या तोंडानें सांगावें? कंपनीनें त्यावर एक व्यवहारचतुर तोड काढली. प्रोसेसर, त्याच्या सोबतच्या चिपा व बिनतारी जोडणी या सर्वांस मिळून 'सेंट्रिनो' असें एक नांव दिलें, आणि जाहिरातींत बॅटरी किती तास चालते व तारेवांचून काम कसें होतें याचाच गाजावाजा केला. वेगाचा आंकडा हळूच पडद्याआड गेला.

इकडे थोरल्याची प्रकृति बिघडत चालली होती. २००४ च्या फेब्रुवारींत पेंटियम ४ ची प्रेस्कॉट नांवाची नवी आवृत्ति आली. तींत रांगेचे टप्पे ३१ केले होते. ट्रान्झिस्टर लहान केले कीं वीज कमी लागते, हा आजवरचा अनुभव. पण आतां ते इतके सूक्ष्म झाले होते कीं बंद असतांनाही त्यांतून वीज झिरपूं लागली, आणि बचत होण्याऐवजीं प्रोसेसर अधिक तापूं लागला. मे महिन्यांत इंटेलनें त्याच्या पुढची तेहास नांवाची योजना रद्द केली. ऑक्टोबरांत ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा जाहीर केलेला बेतही सोडून दिला. तेव्हां कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनीं एका भर सभेंत गुडघे टेंकून, अर्धें विनोदानें, क्षमा मागितली. नोव्हेंबरांत आलेल्या ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची उष्णता ११५ वॅटवर गेली. शर्यत तेथेंच संपली.

हा दोष एकट्या इंटेलचा होता असें समजूं नये. ॲपल कंपनीच्या डेस्कटॉपांत त्या वेळीं आय. बी. एम. चा जी-५ प्रोसेसर असे. स्टीव्ह जॉब्स यांनीं २००३ च्या जूनमध्यें वर्षाच्या आंत ३ गिगाहर्ट्झचें यंत्र देण्याचें वचन दिलें होतें. २००४ सालीं २.५ गिगाहर्ट्झचें यंत्र निघालें, व तेंही थंड ठेवण्यास आंत द्रव फिरवावा लागला. असा प्रोसेसर लॅपटॉपांत घालणें शक्यच नव्हतें, आणि तो कधीं घातला गेला नाहीं. २००५ च्या जूनमध्यें जॉब्स यांनीं ॲपल इंटेलकडे जात असल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं त्यांनीं जें कारण दिलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं केवळ वेग सांगितला नाहीं. दर वॅटमागें काम किती होतें, तें सांगितलें.

याच सुमारास हौशी लोकांनीं एक गंमत केली. आसूस कंपनीनें २००५ सालीं एक लहानसें जोडपट्ट विकावयास काढलें. त्याच्या योगानें लॅपटॉपचा पेंटियम एम डेस्कटॉपच्या पेंटियम ४ च्या जागेवर बसवितां येई. धाकट्याला थोरल्याच्या पाटावर बसविल्याबरोबर खेळांच्या अनेक चाचण्यांत तो महागड्या पेंटियम ४ ची बरोबरी करूं लागला. जें कंपनीला जाहिरातींत सांगतां येत नव्हतें तें या मंडळींनीं घरच्या मेजावर सिद्ध करून दाखविलें.

२००६ च्या आरंभीं हैफाच्याच परंपरेंतील कोअर ड्युओ हा जोड-गाभ्यांचा लॅपटॉप प्रोसेसर आला, आणि ॲपलनें तो आपल्या आयमॅक या डेस्कटॉपांत व मॅकबुक प्रो या लॅपटॉपांत सारखाच बसविला. जुलैच्या २७ तारखेस कोअर २ ड्युओ आला. याची मूळ रचना हैफाची; लॅपटॉपसाठीं मेरॉम व डेस्कटॉपसाठीं कॉनरो अशीं त्याचीं दोन टोपणनांवें, पण बीज एकच. त्याच दिवसांत लेबनॉनशीं चाललेल्या युद्धामुळें हैफा शहरावर अग्निबाण पडत होते, हाही इतिहासाचा एक योग. पेंटियम ४ चे दोन गाभे जोडून केलेला पेंटियम डी ३.६ गिगाहर्ट्झवर जें काम करी, त्याहून शेंकडा ४० अधिक काम शेंकडा ४० कमी विजेंत आपला नवा प्रोसेसर करतो, असा इंटेलचा दावा होता. स्वतंत्र चाचण्यांनींही त्याच्या श्रेष्ठतेबद्दल शंका ठेवली नाहीं. २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओस ६५ वॅट पुरत. मोठ्या आंकड्याचें घराणें तेथें संपलें.

मग आज दोघांत अंतर उरलें नाहीं काय? उरलें आहे, पण तें निराळ्या जागीं आहे. २००८ पासून प्रोसेसरांस उसना वेग घेण्याची सोय झाली : जागा थंड आहे तोंवर तो नेमल्या वेगापेक्षां जलद धांवतो, तापला कीं मंदावतो. २०१७ सालच्या दोन प्रोसेसरांकडे पाहावें. दोघांचेंही नांव कोअर आय-७. डेस्कटॉपचा ८७००के, ६ गाभे, ९५ वॅट, नेमला वेग ३.७ व उसना ४.७ गिगाहर्ट्झ. लॅपटॉपचा ८५५०यू, ४ गाभे, १५ वॅट, नेमला वेग १.८ व उसना ४ गिगाहर्ट्झ. पत्र लिहिणें, वर्तमानपत्र उघडणें असल्या क्षणिक कामांत ४ आणि ४.७ यांतील अंतर डोळ्यांस दिसत नाहीं. पण तासभराचें चलच्चित्र तयार करावयास घातलें कीं लॅपटॉपचा उसना वेग थोड्याच वेळांत सरतो, आणि मग ६ गाभे व ९५ वॅट यांपुढें ४ गाभे व १५ वॅट यांचा पाड लागत नाहीं. नांव एक ठेवून गिऱ्हाइकास जो भ्रम होतो, तो पूर्वींच्या गिगाहर्ट्झच्या भ्रमापेक्षां कमी आहे असें म्हणवत नाहीं. खरेदी करणाऱ्यानें पेटीवरील नांवापेक्षां वॅटचा आंकडा, गाभ्यांची संख्या, व तें यंत्र अर्धा तास राबविल्यावर त्याचा वेग किती उरतो, हें विचारावें.

२०२० च्या नोव्हेंबरांत ॲपलनें इंटेलचीही साथ सोडून स्वतःचा एम-१ हा १६ अब्ज ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर काढला. त्याचें मूळ तर लॅपटॉपाहूनही धाकट्या भावंडाचें, म्हणजे खिशांतल्या टेलिफोनचें. हाच प्रोसेसर एकाच दिवशीं मॅकबुक एअर या लॅपटॉपांत व मॅक मिनी या मेजावरच्या पेटींत बसविण्यांत आला. एअरमध्यें पंखा नाहीं, मिनीमध्यें आहे. लहान कामांत दोघे खांद्यास खांदा लावून चालतात. काम लांबलें कीं कांहीं मिनिटांनीं एअरचें कवच तापतें व तो पाऊल आंवरतें घेतो. मिनीचा पंखा हळूं फिरत राहतो, आणि तो त्याच चालीनें पुढें जातो.